‘कसा वाटला फोटो?’ एवढंच विचारू नका

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांनाही कळावा म्हणून आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. दोन वर्षं पक्ष्यांचे आणि घरच्या माणसांचे फोटो काढताय. जाणत्या लोकांना फोटो दाखवला की दोघे ‘अप्रतिम’ म्हणतात आणि तिसरा ‘शार्प नाही’ म्हणून पुढे जातो. करमळी तळ्यावरच्या बगळ्याचा फोटो पाहून एका अनुभवी माणसाने ‘एक्स्पोजर मायनस हवं होतं’ (म्हणजे फोटो थोडा गडद हवा होता) असं सांगितलं, तर दुसऱ्याने ‘प्लस’ (म्हणजे उजळ). आजीच्या फोटोवर ‘सुरकुत्या काढून टाक’ असा सल्ला आला आणि तो मनाला लागला. आता फोटो दाखवावासाच वाटत नाही. त्यात नव्याने कॅमेरा घेतलेली मुलं तुमच्याकडे मत मागायला यायला लागलीत, आणि त्यांना काय सांगावं ते सुचत नाही.

फोंड्यात माझा स्टुडिओ आहे. लग्नं, मुंजी, पासपोर्ट फोटो, घरातल्या थोरामोठ्यांचे पोर्ट्रेट, हे बावीस वर्षं चाललंय. रविवारची पहाट पक्ष्यांसाठी राखून ठेवलेली. दोन्ही प्रकारच्या फोटोंवर भरपूर ऐकून घेतलंय आणि भरपूर बोललोही आहे. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

तुम्हाला वाटतंय की आपल्याला टीका सहन होत नाही. मला तसं दिसत नाही. सहन होत नसती तर एवढं सविस्तर लिहून विचारलं नसतं. तुम्हाला मिळालेल्या सगळ्या मतांत निकाल आहे, पण तो फोटोतल्या कुठल्या गोष्टीवरून दिलाय ते एकातही नाही. ‘अप्रतिम’मध्येही नाही. त्यामुळे कौतुक असो की दोष, घरी जाऊन त्याचं करायचं काय हे कळत नाही.

बगळ्याचंच घ्या. मायनस म्हणणारे आणि प्लस म्हणणारे, दोघेही आपापल्या अनुभवाप्रमाणे बरोबर असतील. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं दृश्य साधारण मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो. मागे काळपट झाडी आणि फ्रेममध्ये लहानसा बगळा असेल, तर मीटर त्या अंधाराला भुलतो, सगळं उजळ करतो आणि बगळ्याची पिसं जळतात. तिथे दोन तृतीयांश ते एक स्टॉप मायनस करावं लागतं (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा). तोच बगळा फ्रेम भरून असेल किंवा मागे पांढुरकं आभाळ असेल, तर मीटर उजेडाला भुलून सगळं मळकट करतो, तिथे प्लस. एकाने पहिल्या प्रसंगातून शिकलेलं सांगितलं, दुसऱ्याने दुसऱ्या. त्यांनी फक्त एवढं म्हटलं असतं की ‘पाठीवरची पिसं एकसलग पांढरी दिसतायत, एकही रेघ ओळखू येत नाही,’ तर तुम्ही हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेड-अंधाराचा आलेख, उघडला असता, उजव्या टोकाला आलेख भिंतीला चिकटलेला पाहिला असता आणि उपाय तुमचा तुम्हीच काढला असता.

म्हणून मत देताना मी आधी डोळ्यांना काय दिसतंय ते सांगतो. मग ते कशामुळे झालं असावं ते. उपाय अगदी शेवटी, आणि तोही अंदाज म्हणून, कारण त्या पहाटे त्या बांधावर मी नव्हतो.

‘शार्प नाही’ या शेऱ्याबद्दल जरा जास्त बोलतो, कारण पक्ष्यांच्या फोटोंवर तोच सगळ्यात जास्त मिळतो आणि त्याचाच सगळ्यात कमी उपयोग होतो. फोटो सॉफ्ट, म्हणजे पुसट, येण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाची खूण वेगळी असते. फोटो शंभर टक्के मोठा करून पाहा. फांदी, पानं, पक्षी सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं दिसत असेल, तर हात हललाय. ६०० मिमीची लेन्स दीडपट क्रॉपच्या कॅमेऱ्यावर (लहान सेन्सरच्या, ज्यात दृश्य दीडपट जवळ दिसतं) असेल, तर जुन्या ठोकताळ्याप्रमाणे शटरचा वेग १/९०० सेकंदाच्या खाली जाऊ नये. स्टॅबिलायझेशन, म्हणजे हाताचं हलणं सावरणारी सोय, असेल तर थोडी सूट मिळते. फांदी कडक, म्हणजे रेखीव, आहे पण पंखांची टोकं पुसट, तर पक्षी हललाय. तिथे स्टॅबिलायझेशन काही करू शकत नाही, शटरच वाढवावं लागतं, उडत्या पक्ष्याला १/२००० किंवा वर. पक्ष्याच्या पुढचं गवत कडक आणि डोळा सॉफ्ट, तर फोकस भलतीकडे बसलाय. सगळंच पाण्याखाली असल्यासारखं थरथरल्यागत दिसत असेल, तर उष्ण हवेचा खेळ आहे. खाजन शेतांवरून (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांवरून) अकरा वाजता लांबचा पक्षी टिपला की हे हमखास होतं, आणि महागडी लेन्सही त्यावर उपाय नाही. लवकर जायचं किंवा जवळच्या पक्ष्यावर समाधान मानायचं. पिसं मेणासारखी गुळगुळीत दिसतायत, तर आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढला होता आणि नंतर नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, काढताना हात जड पडला. आणि पावसाळ्यात गाडीच्या एसीतून कॅमेरा थेट बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, तेव्हा सगळ्या फोटोवर दुधाळ पडदा येतो. यातलं कुठलं, ते सांगितल्याशिवाय ‘शार्प नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. आणखी एक: मोबाइलवरून पाठवलेला फोटो वाटेत दाबला जाऊन बारकावे गमावून येतो. त्यावरून शार्पपणाचं मत मी देतच नाही, मूळ फाइल मागतो.

कधीकधी तर दोष नसतोच. क्रॉप कॅमेरा, ६०० मिमी, एफ ६.३ (लेन्सचं तोंड किती उघडं ते सांगणारा आकडा), पक्षी दहा मीटरवर, एवढ्यात फोकसची खोली, म्हणजे कडक दिसणारा पट्टा, जेमतेम सात सेंटिमीटर मिळते. आपला नेहमीचा खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत पावणेतीनशे मिलिमीटरच्या आसपास. तो तुमच्याकडे तोंड करून बसला असेल आणि डोळा कडक असेल, तर शेपूट सॉफ्टच येणार. ते चुकलंय म्हणणाऱ्याने हा हिशेब केलेला नसतो.

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो. रायबंदरहून फेरीबोटीने पलीकडे गेलं की चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य लागतं. १९८८ साली जाहीर झालेलं, १.७८ चौरस किलोमीटरचं, जवळजवळ सगळी खारफुटी. आमच्या नेहमीच्या बैठकीत एका मुलाने तिथल्या कॉलर्ड किंगफिशरचा (खंड्याचीच एक जात) फोटो छापून आणला होता. पक्षी फ्रेममध्ये लहान, भोवती मुळांचं जाळं. मी पाहिल्यापाहिल्या म्हणालो, “बॅकग्राउंड फार गजबजलंय, अजून टाइट घ्यायला हवा होता.” तो काही बोलला नाही. चहा झाल्यावर हळूच म्हणाला, “सर, हा पक्षी आपल्या किनाऱ्यावर मोजक्या ठिकाणीच दिसतो, आणि तोही खारफुटीत. मला ती मुळंच दाखवायची होती.”

मी फोटो परत हातात घेतला. त्याच्या नजरेने पाहिल्यावर मुळं खटकेनात. खटकत होती ती वरच्या उजव्या कोपऱ्यातली पाण्याची चमक. नजर पक्ष्यावर जाऊन लगेच तिथे पळत होती. ती चमक प्रिंटमध्ये थोडी दाबली आणि फोटो बसला. मी आधी विचारलं असतं, तर ही कामाची गोष्ट पहिल्या मिनिटाला सांगितली असती आणि त्याचा चहा बेचव झाला नसता. तेव्हापासून फोटो हातात आला की पहिलं वाक्य माझं नसतं. मी विचारतो, “तुला काय दाखवायचं होतं?”

हेच उलट बाजूने तुम्ही करा. फोटो दाखवताना ‘कसा वाटला?’ न विचारता तीन गोष्टी सांगा: काय दाखवायचं होतं, काय साधलं नाही असं स्वतःला वाटतं, आणि नेमकं कशावर मत हवंय. उदाहरणार्थ, ‘बगळा मासा गिळतानाचा क्षण हवा होता. पाठ जळली असावी असं वाटतं. बसून काढला असता तर पार्श्वभूमी सुधारली असती का?’ असं विचारलं की ‘अप्रतिम’ म्हणून सुटता येत नाही आणि ‘शार्प नाही’ म्हणूनही नाही. समोरच्याला विचार करावाच लागतो.

पक्ष्यांच्या फोटोत एक जागा अशी आहे जिथे मी रचना, प्रकाश, फोकस यांवर एक शब्द बोलत नाही. ती म्हणजे घरटं. पावसाळा सुरू झाला की आपल्याकडे तिबोटी खंड्या मातीच्या दरडीत बीळ करून पिल्लं वाढवतो, आणि त्याचे फोटो यायला लागतात. चोचीत पाल किंवा बेडूक धरून पक्षी फांदीवर बसलेला, रंग झळाळतायत, फोटो खरोखर देखणा. पण एकामागून एक दहा फ्रेममध्ये तोच पक्षी, तोच घास, तीच फांदी दिसली की समजायचं, तो पोज देत नाहीये. समोर माणूस उभा आहे म्हणून त्याला बिळात जाता येत नाहीये आणि आत पिल्लं उपाशी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच रानपक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना उपद्रव देणं येतं. अशा फोटोला ‘वा!’ म्हटलं की पुढच्या रविवारी त्या दरडीसमोर आणखी दहा ट्रायपॉड उभे राहतात. तेव्हा मी त्या मुलाला बाजूला घेऊन, एकट्याला, किती अंतरावर होतास आणि किती वेळ होतास एवढं विचारतो. बहुतेकांना माहीत नसतं. कळल्यावर स्वतःहून फोटो काढून टाकणारे मी पाहिलेत. चारचौघांत सुनावलं असतं तर त्यांनी फोटो ठेवला असता आणि माझ्याशी बोलणं टाकलं असतं.

पोर्ट्रेटकडे वळतो. इथे सगळ्यात मोठा फरक असा की फोटोत एक तिसरं माणूस आहे. बगळ्याला आपला फोटो कसा आला याच्याशी देणंघेणं नाही. आजीला आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका कुळागरातल्या (पोफळीच्या बागेतल्या) घरी म्हाताऱ्या आईंचा फोटो काढला होता. शिंपल्यांच्या जुन्या खिडकीतून येणारा प्रकाश, त्यासारखा मऊ उजेड मला स्टुडिओत आजवर जमलेला नाही. फाइल घरी आणली आणि मन लावून सुरकुत्या पुसल्या. त्यांच्या लेकीला दाखवला, ती ‘किती छान!’ म्हणाली. मोठा प्रिंट करून घेऊन गेलो. आईंनी चष्मा लावला, प्रिंट हातभर लांब धरला, गालावरून बोट फिरवलं आणि शांतपणे म्हणाल्या, “ही हांव न्हय रे पुता.” ही मी नव्हे रे बाळा. मी परत आलो, मूळ फाइल काढली, फक्त डोळ्यांखालची सावली थोडी उजळली आणि नवा प्रिंट नेला. तो त्यांनी देवघराजवळ लावून घेतला. म्हणून तुमच्या आजीच्या फोटोवर ‘सुरकुत्या काढ’ म्हणणाऱ्याचं मत तुम्ही खुशाल बाजूला ठेवा. तो निर्णय आजीचा. लग्नातली नवरी स्वतः ‘मुरूम काढा’ म्हणाली तर मी काढतो, कारण मुरूम आठवड्यात जातो आणि सांगणारी ती स्वतः आहे.

पोर्ट्रेटवर मत देताना माझी एक कडक सवय आहे: चेहऱ्याबद्दल बोलायचं नाही, प्रकाशाबद्दल बोलायचं. म्हापशाच्या बाजारात निळ्या ताडपत्रीखाली बसलेल्या एका मासेविक्रेत्या बाईंचा फोटो एकीने आणला होता. कुणीतरी पटकन म्हणालं, “बाई फार काळ्या आल्यात.” हे ऐकून फोटो काढणारीला काय सुधारायचं ते कळत नाही, आणि त्या बाईंचा विनाकारण अपमान होतो. खरी गोष्ट अशी होती की ताडपत्रीतून गाळून आलेला निळा उजेड कपाळावर आणि खांद्यावर पडला होता, आणि समोरून येणारा दिवसाचा उजेड गालावर. दोन रंगांचे दोन प्रकाश. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, एकाला सुधारला की दुसरा बिघडणार. उपाय म्हणजे त्यांना विचारून टोपलीसह हातभर पुढे, ताडपत्रीच्या कडेला बसायची विनंती करणं, किंवा फोटो कृष्णधवल करणं. नाक मोठं आलंय, हनुवटी बारीक आलीय, असल्या शेऱ्यांचंही तेच. मोबाइलच्या नेहमीच्या लेन्सने अर्ध्या मीटरवरून काढलं की नाक कानांपेक्षा दहाबारा सेंटिमीटर कॅमेऱ्याजवळ असतं आणि तेवढं मोठं दिसतं. दोन पावलं मागे जा आणि मग झूम करा, एवढं सांगावं. माणसाच्या नाकाला नावं ठेवायची गरज नाही.

नव्या मुलांना मत देताना मी माझं म्हणणं दोन भागांत ठेवतो: या फाइलमध्ये आत्ता काय करता येईल, आणि पुढच्या वेळी जागेवर काय करता येईल. दोन्ही एकत्र केलं की मूल गोंधळतं. ‘थोडं खाली बसायला हवं होतं’ हे आता कॉम्प्युटरवर होणार नाही, ते रविवारसाठी. ‘डाव्या कडेची अर्धी फांदी क्रॉप कर’ हे आजच होईल. आणि एका वेळी एकच मोठी गोष्ट. माझ्या नजरेला आठ दिसतात, पण आठ सांगितल्या की घरी गेल्यावर एकही लक्षात राहत नाही. जे जमलंय तेही नेमकं सांगायचं. ‘छान’ नको, ‘पक्ष्याच्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आलाय, त्यामुळे तो जिवंत वाटतो’ असं. मुलाने तो ठिपका चुकून पकडलेला असतो, पुढच्या वेळी मुद्दाम शोधतो.

सगळ्यांना एकच माप लागत नाही, हेही मान्य करतो. पहिला कॅमेरा घेऊन महिनाही न झालेल्याला मी फक्त फोटो पाहून आनंद झाला एवढंच सांगतो, आणि एखादा प्रश्न विचारतो. स्पर्धेला फोटो पाठवणाऱ्याशी कडक बोलतो, कारण परीक्षक त्याहून कडक असणार. निसर्गछायाचित्रणाच्या स्पर्धांत बहुधा फांदी पुसून टाकणं किंवा आभाळ बदलणं चालत नाही, तेही त्याला आधी सांगतो. भिंतीवर लावायच्या फोटोला तो नियम नाही. कुणी दुःखात असताना, घरातल्या गेलेल्या माणसाचा शेवटचा फोटो म्हणून दाखवला, तर फोकसबद्दल बोलणारा मी कोण?

मत घेण्याबद्दल. मी तरुण असताना एका मान्यवर माणसाने माझा प्रिंट पाहून ‘हा कशाला आणलास?’ एवढंच विचारलं होतं. वर्षभर मी कुणाला काही दाखवलं नाही. ते वर्ष वाया गेलं याचं मला अजून वाईट वाटतं. तुमचं जाऊ नये म्हणून सांगतो. मत ऐकताना वही काढा आणि शब्द न शब्द लिहा. हात लिहिण्यात गुंतला की तोंड स्पष्टीकरण द्यायला उघडत नाही. ‘पण सर, तिथे पाऊस होता’ हे खरं असेल, पण फोटो बघणाऱ्याला तो पाऊस दिसत नाही. मत मोघम असेल तर एकच प्रश्न विचारा: “नजर आधी कुठे गेली?” याचं उत्तर कुणालाही देता येतं, फोटोग्राफी न येणाऱ्या शेजाऱ्यालाही. तीन वेगळ्या माणसांनी एकाच जागेवर बोट ठेवलं, तर तिथे काहीतरी आहे, मग त्यांनी सांगितलेले उपाय वेगवेगळे का असेनात. रात्री लगेच दुरुस्तीला बसू नका. मी वही आठवडाभर मिटून ठेवतो, मग फाइलची प्रत काढून सल्ला करून पाहतो आणि दोन्ही प्रिंट शेजारी ठेवतो. न पटलेलं सोडून देतो. सांगणाऱ्याला मात्र जे घेतलं ते दाखवून येतो.

शेवटी तुम्ही सोबत पाठवलेले दोन फोटो.

बगळा: माशासकट मान वर झालेला क्षण तुम्ही अचूक पकडलाय, चोचीवरून ओघळणारं पाणीसुद्धा दिसतंय. पक्षी फ्रेममध्ये लहान आणि मागे गडद हिरवं पाणी, त्यामुळे इथे मायनसवालेच बरोबर. पाठीवर आणि मानेच्या वळणावर पिसांच्या रेघा नाहीत, छातीच्या सावलीत आहेत. रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) असेल तर हायलाइट, म्हणजे उजळ भाग, खाली ओढून पाहा, थोडं परत येईल. जेपेग असेल तर नाही. पायांचं प्रतिबिंब खाली कापलं गेलंय, ते पुढच्या वेळी सांभाळा. आणि बांधावर उभं न राहता बसून काढा, म्हणजे मागचं पाणी जाऊन लांबची झाडी येईल आणि पक्षी सुटा दिसेल.

आजी: सोप्यावर बसवून एका बाजूने आलेला उजेड फार चांगला वापरलाय. उजव्या गालावर हिरवट झाक आहे. समोर माडापोफळीची बाग असणार, पानांवरून परतलेला उजेड तसाच येतो. उजव्या अंगाला, फ्रेमच्या बाहेर, एक पांढरी चादर कुणाला तरी धरायला सांगितली तर ती झाक जाईल. माझी नजर आधी डोळ्यांकडे गेली आणि मग खाली हातांकडे, तिथे अडकित्ता मनगटाशी कापला गेलाय. तो पूर्ण हवा होता असं मला मनापासून वाटतं. त्या हातांनी किती वर्षं सुपारी कातरली असेल ते फोटोत आलं असतं. सुरकुत्यांना हात लावू नका.

आजीने हा फोटो पाहिलाय का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. पाहिला नसेल तर आठ बाय दहाचा प्रिंट करून तिच्या हातात द्या. मोबाइलवर दाखवू नका, चष्मा लावून निवांत बघू दे. ती काय म्हणाली ते मला जरूर कळवा.